एमएससाठी फी देऊन कन्सल्टंट घेतला: ऑगस्ट ते एप्रिलचा अनुभव

सिव्हिलमध्ये बीई, नंतर नाशिकलाच नोकरी, आणि मग अमेरिकेत जलसंसाधन विषयात एमएस करायचं ठरवलं. ऑगस्टपासून पुण्यातल्या एका मॅडमची मदत घेतली. त्या एकट्याच काम करतात, ऑफिस वगैरे नाही.

शोधताना मी सगळीकडे आधी एकच विचारायचे: तुम्हाला पैसे कोण देतं? ‘एक रुपयाही लागणार नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणी या प्रश्नावर हमखास विषय बदलायचा. विद्यार्थी दाखल झाला की विद्यापीठ एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा देतं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ही रुळलेली पद्धत आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यामागे कमिशन द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला त्यातून सूट आहे, म्हणून आपल्याकडे ते राजरोस चालतं. त्यात बेकायदा काही नाही. पण हातात यादी पडते ती करार असलेल्या विद्यापीठांचीच, आणि संशोधनात नावाजलेली बरीच सरकारी विद्यापीठं अशा करारांत नसतातच. मला मिळालेल्या एका यादीत पहिल्या नंबरच्या विद्यापीठात हायड्रोलॉजी (जलविज्ञान, म्हणजे माझाच विषय) शिकवणारं कुणीच नव्हतं! दोन वर्षं आणि घरच्यांचं कर्ज अशा यादीवर लावायचं?

मॅडमनी फी ठरवून सांगितली आणि कुठल्याही विद्यापीठाकडून काही घेत नाही हे करारात लिहून दिलं. अमेरिकेतल्या आयईसीए या १९७६ पासूनच्या सल्लागारांच्या संघटनेतही सभासदांवर हेच बंधन असतं. जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायचंय म्हटल्यावर त्यांनी नंबर दिले, त्यात हवं ते विद्यापीठ न मिळालेला एक मुलगाही होता. त्याच्याशी बोलून मला सगळ्यात जास्त कळलं.

एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध, त्या लिहून देत नाहीत, आणि माझ्या मते सगळी फी इथेच वसूल झाली. पहिल्या मसुद्यात मी पाण्याविषयीची आवड, देशसेवा असं बरंच लिहिलं होतं. समासात त्यांची टीप आली: ‘हे तुझ्या वर्गातल्या कुणीही लिहिलं तरी चालेल. तू साइटवर काय पाहिलंस?’ मग मी गोदावरीच्या पुराचं लिहिलं. नदी चढली की पावसाळी गटारातून पाणी उलटं येतं, त्या चेंबर्सच्या पातळ्या आम्ही घेतल्या होत्या. त्यावर पुन्हा प्रश्न: पातळी कशाने घेतली? नकाशा आणि जागा जुळत नव्हती तेव्हा काय केलंस? शेवटचा मसुदा वाचून आमच्या साइट इंजिनिअर सरांनी मान डोलावली, तेव्हा खूप बरं वाटलं.

पोर्टलचे पासवर्ड आणि मेल माझ्याकडेच होते. शिफारसपत्राची (एलओआर) लिंक मला शिकवलेल्या सरांच्या कॉलेजच्या मेलवर थेट गेली. हे कटाक्षाने पाहा. सरांच्या नावाने जीमेल काढून एलओआर स्वतःच चढवणारेही आहेत, आणि ते उघडकीस आलं तर हातात आलेला प्रवेशही जातो.

तक्रार डिसेंबरची. डेडलाइन तोंडावर असताना उत्तराला दोन-दोन दिवस लागायचे. एवढी फी घेतल्यावर हे चालणार नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. शिवाय प्राध्यापकांना मेल करून फंडिंग शोधण्यात त्यांची फारशी मदत झाली नाही, ते मीच केलं.

मार्चमध्ये मात्र त्या पक्क्या उभ्या राहिल्या. एका विभागाने असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात आर्थिक मदत) देऊ केली आणि आठवड्यात उत्तर मागितलं. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावानुसार, त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी होकार द्यायला भाग पाडू शकत नाहीत. मॅडमनी सही केलेल्यांच्या यादीत ते विद्यापीठ दाखवलं, मी नम्रपणे मेल केला, मुदत मिळाली. तेवढ्यात दुसरी, माझ्या विषयाला जास्त जुळणारी ऑफर आली आणि तीच घेतली.

फी परवडत नसेल तर एज्युकेशनयूएसए हे अमेरिकन सरकारचं सल्लाकेंद्र आहे, मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेकडे. प्राथमिक सल्ला तिथे फुकट मिळतो आणि तो कमिशनवर चालत नाही. जर्मनीचं विचारायला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला मॅडमनी ‘हे माझं क्षेत्र नाही’ म्हणून सांगितलं, आधी एपीएस प्रमाणपत्राच्या मागे लाग म्हणाल्या (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र; नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं), डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वेबसाइट दाखवली आणि एक पैसा घेतला नाही.