नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या मुलखात दोन दिवस

लेक कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायनाला असते. तिच्याकडे जाण्याची आमची ही तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत बँफ झालं, व्हँकुव्हर झालं. सस्कॅचेवान मात्र विमानतळापासून तिच्या घरापर्यंत जेवढं दिसलं तेवढंच. दक्षिणेकडे काय आहे असं विचारलं की जावई हसायचे. "आई, सपाट आहे हो. इथे कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो म्हणतात." पण या जुलैत त्यांनीच एका स्थानिक बाईंसोबत दोन दिवसांची फेरी ठरवून दिली. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

आधी हिशेब. दोघांचे 700 कॅनेडियन डॉलर. त्यात बाईंची गाडी, पेट्रोल आणि दोन्ही दुपारचं जेवण. रात्रीची खोली आपली आपण बघायची. स्वतः गाडी चालवणार नसाल तर दुसरा इलाज फारसा नाही, कारण गावोगाव जाणारी सरकारी बससेवा 2017 साली बंद झाली. बाई सत्तरीला टेकलेल्या, जन्म तिथलाच, आयुष्य शेतीत गेलेलं. जमीन आता पुतण्या बघतो. डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी आणि थांबायचा बेत नसलेली जीभ.

मूस जॉ शहर सोडून दक्षिणेला वळलो आणि पहिला तास आमचे हे चक्क पेंगले. दोन्हीकडे पिवळाधमक कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी), वर आभाळ, मध्ये खडीचा रस्ता. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, बाईही उचलायच्या. मी विचारलं, सगळे ओळखीचे का? म्हणाल्या, "नाही. पण उद्या गाडी अडकली तर हाच ओढून काढणार."

मग एका चौकात त्यांनी गाडी थांबवली. चौकात बघण्यासारखं काहीच नव्हतं, पाटीसुद्धा नव्हती. तिथे उभं राहून त्यांनी अख्खा प्रांत समजावला. ही सगळी जमीन 1871 पासून साखळ्या टाकून मोजली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक सेक्शन, 640 एकर. असे 36 सेक्शन मिळून टाउनशिप. सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे 160 एकर, 1872 च्या कायद्याने दहा डॉलर फी भरून मिळायचा. अट एवढीच की तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची. तेव्हाचे लोक म्हणत, ही सरकारशी लावलेली पैज आहे आणि सरकार बहुतेक वेळा जिंकतं. उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना. पुढे एके ठिकाणी सरळसोट रस्ता अचानक डावीकडे सरकून पुन्हा सरळ झाला. मला वाटलं मध्ये कुणाचं शेत आडवं आलं असेल. बाई म्हणाल्या, पृथ्वी गोल आहे ना! रेघा उत्तरेला जाताना जवळ येतात, मग ठरावीक अंतरावर चौकोन पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. याला म्हणतात करेक्शन लाइन. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकले होते, गाडीत बसून धक्का खाल्ला तो त्या दिवशी.

लाफ्लेशनंतर 13 नंबरचा रस्ता लागतो. मेरोन, किनकेड, हेझनमोर, अ‍ॅनरॉइड अशी एकामागून एक गावं, काही तर डोळा लवेपर्यंत संपतात. यातल्या एकाच्या अलीकडे बाईंनी शेताच्या बांधावर गाडी लावली आणि विचारलं, "इथे काय दिसतं?" मी म्हटलं, झुडपं. "नीट बघा."

झुडपं एका रांगेत होती. कॅरगाना, वाऱ्याला आड म्हणून लावायचे ते. आपणहून रांगेत उगवत नाहीत, म्हणजे कुणीतरी लावलेत. त्यांच्या वाळक्या शेंगा उन्हात तडतड फुटत होत्या. बाईंनी बोट दाखवलं. ते लायलॅकचं फुलझाड, म्हणजे पुढचं दार इथे. लायलॅक बाई माणूस दारात लावायची, येणाऱ्याला दिसावा म्हणून. आणि इकडे या. गवतात दोन हातांएवढी पानं आणि तांबूस, शिजवून खायचे देठ असलेला रुबार्बचा गड्डा होता. "हे स्वयंपाकघराचं दार." घर नाही, भिंत नाही, पायाचे दगडसुद्धा कुणीतरी उचलून नेलेले. पण मी खरोखरच त्या दोन दारांमधून चालत गेले, आणि मागच्या दाराशी क्षणभर थांबलेही. शेताच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग होता, त्यावर केशरी दगडफूल चढलेलं. दरवर्षी थंडीने जमीन फुगते आणि नवे दगड वर येतात. वसंतात ते वेचायचे, हे पोरांचं काम. बाईंनीही लहानपणी केलेलं. "आमच्याकडचं सगळ्यात भरवशाचं पीक," असं म्हणून त्यांनी एक दगड उचलला आणि ढिगावर टाकला. सवय असावी.

एवढ्या एका थांब्यासाठी मी 700 डॉलर पुन्हा देईन. हे देणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

ह्यांची झोप उडाली ती पुढच्या शेतात. घोट्याच्या वर जेमतेम येणारं, बारीक पानांचं पीक. बाईंनी एक डहाळी तोडून ह्यांच्या हातात दिली. चपटी शेंग, आत दोन हिरवट दाणे. "ओळखा. तुम्ही आठवड्यातून एकदा तरी खात असाल." मसूर! सस्कॅचेवानात मसूर लावायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. 1970 च्या दशकात सास्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी त्यावर काम केलं, 1978 मध्ये लेअर्ड नावाचं वाण आलं, आणि आज कॅनडाचा जवळजवळ सगळा मसूर या एका प्रांतातून निघतो. झाड इतकं बुटकं की कापणी यंत्राचं पातं जमिनीला घासत न्यावं लागतं. म्हणून पेरणी झाली की शेतावर जड रोलर फिरवून दगड दाबून टाकतात. घरी मसूर निवडताना खडा सापडला की मी दुकानदाराला नावं ठेवायचे. त्यामागे एवढा उद्योग असतो हे कुणाला ठाऊक!

मग बाईंनी ह्यांना सरळ विचारलं, "2017 मध्ये तुमच्या सरकारने वाटाण्यावर 50 टक्के आणि महिन्याभरात मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के आयात कर का लावला?" आमचे हे निवृत्त बँकवाले. बिचारे तो कर आपणच लावल्यासारखे ओशाळले. इकडच्या शेतकऱ्यालाही भाव मिळायला हवा, वगैरे सांगू लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच हवं असतं. पण त्या वर्षी माझी कोठारं भरलेली होती." मग मैलभर कुणी बोललं नाही.

ग्रॅव्हलबर्ग गावचं चर्च आम्ही त्याआधीच पाहिलं होतं. आतल्या सगळ्या भिंती आणि छत तिथल्याच पाद्र्यांनी, शार्ल मायार यांनी, 1921 ते 1931 अशी दहा वर्षं रंगवली. सुंदर आहे, पण तिथे वाटाड्याची गरज नाही, माहिती लावलेली आहे.

वाटाड्या लागतो तो एलिव्हेटरला. धान्य साठवायचे हे उंच लाकडी मनोरे लांबून देवळाच्या शिखरासारखे दिसतात. 1933 च्या सुमारास पश्चिम कॅनडात ते 5,700 हून जास्त होते, कारण घोडागाडीने एका दिवसात धान्य टाकून परत येता यावं एवढ्या अंतरावर प्रत्येक थांब्याला एक हवाच. एका गावात रूळ उखडलेले, शाळेला कुलूप, पण एलिव्हेटर उभा आणि बाईंकडे त्याची किल्ली. आत शिरलो. अंधार, जुन्या गव्हाचा वास, पारव्यांची फडफड. गाडी काट्यावर उभी करायची, धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचं, मग पट्ट्याला लावलेले डबे रहाटगाडग्यासारखे ते वर नेणार आणि हव्या त्या कप्प्यात सोडणार. भिंती उभ्या फळ्यांच्या नव्हेत. फळ्या आडव्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या. धान्याचा दाब आतून फोडायला बघतो, तो सोसण्यासाठी. एका कप्प्याच्या आतल्या बाजूला मी हात लावला. बाहेरून खरखरीत, भेगाळलेलं लाकूड आतून गुळगुळीत होतं, लाटण्यासारखं. पन्नास-साठ वर्षं गहू घसरून घसरून झालेलं.

1995 मध्ये धान्याच्या रेल्वे भाड्यावरची जुनी सवलत गेली. कंपन्यांनी मोठमोठी सिमेंटची कोठारं बांधली, छोटे फाटे बंद झाले, एलिव्हेटर पाडले. बाई हे सांगताना पहिल्यांदा जरा थांबून थांबून बोलल्या. त्यांच्या स्वतःच्या गावचा पाडला तेव्हा लोक खुर्च्या घेऊन बघायला गेले होते म्हणे.

रात्री मुक्काम व्हॅल मरीला. सव्वानऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळला, त्यामुळे आमच्या जेवणाच्या वेळेचा पार बोजवारा. (इकडे दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात, रात्रीच्याला सपर. बाईंनी "डिनर बारा वाजता" असं कळवलं होतं आणि जावयांना ती टायपिंगची चूक वाटली.) अकराला गावाबाहेर नेऊन आकाश दाखवलं. गावाजवळचं ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान 2009 पासून अंधार राखायचं क्षेत्र म्हणून जाहीर आहे. आकाशगंगा इतकी ठळक की मी आधी ढग समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यान. प्रेअरी डॉग (नाव कुत्र्याचं, पण खारीच्या कुळातले प्राणी) कॅनडात फक्त या भागात आहेत, बिळाच्या तोंडाशी उभे राहून भुंकतात, गंमत वाटते. बायसन, म्हणजे इथले रानगवे, 1880 च्या आसपास इथून संपले होते. 2005 मध्ये एल्क आयलंडहून कळप आणून पुन्हा सोडला. शंभर मीटर लांब राहायचा नियम आहे आणि बाईंनी तो काटेकोर पाळला. मला मात्र बायसनपेक्षा आवडला एक धोंडा. हिमनदीने आणून टाकलेला, एकटाच माळावर. त्याचे कोपरे कमरेच्या उंचीवर काचेसारखे चकचकीत, आणि भोवती जमीन खोलगट झालेली. शेकडो वर्षं बायसनांनी अंग घासलं, फेऱ्या मारल्या. कालच्या लाकडासारखाच लागला हाताला.

टेकडावर दगडांची वर्तुळं दिसतात, तिथल्या मूळ लोकांच्या तंबूंच्या कडा दाबायला ठेवलेल्या दगडांची. इथे बाई कमी बोलल्या. 1874 चा मूळ लोकांशी झालेला चौथा करार, रिजायनाचं जुनं नाव बायसनच्या हाडांच्या ढिगांवरून पडलेलं, एवढं सांगून म्हणाल्या, "पुढचं त्यांच्यातल्या कुणाकडून ऐका. मी पैज जिंकलेल्यांची नात आहे." प्रामाणिकपणा आवडला, पण माहिती अपुरी राहिली हेही खरं. त्यांनी तशा कुणाला अर्धा दिवस सोबत घ्यावं असं मी त्यांना सांगून आले.

आता तक्रारी. माहितीपत्रकात डायनोसॉरवाल्या उजाड टेकड्यांचा फोटो आहे, पण त्या उद्यानाच्या पूर्व भागात, आणि दोन दिवसांत तिथे जाणं होतच नाही. तो फोटो काढायला हवा. वाटेत स्वच्छतागृहं फार लांब लांब. जेवण म्हणजे सँडविच, सोबत सास्काटून बेरीचा पाय (फळांचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ). पाय उत्तम, सँडविचचं काही बोलायला नको. आणि दुसऱ्या दुपारी त्यांनी शेवटची टेकडी रद्द केली. पश्चिमेला बोटभर काळा ढग होता, बाकी ऊन रखरखीत. हे चिडले. पैसे भरलेत म्हणाले. बाई म्हणाल्या, "ही माती भिजली की गंबो होते," आणि गाडी वळवली. वीस मिनिटांत सरी आल्या. डांबरीला लागलो तेव्हा मागच्या कच्च्या वाटेवर एक पिकअप आडवा होऊन रुतलेला दिसला, चाकं दिसत नव्हती, नुसते चिखलाचे गोळे. काळ्या मातीतल्या माणसाला हे समजवायला नको. ह्यांनी गुपचूप बाटलीतलं पाणी बाईंना पुढे केलं.

बाईंकडे कार्ड चालत नाही, रोख न्या. बंद बूट आणि लांब पँट हवी. गवतात गोचीड आणि निवडुंग दोन्ही आहेत, खुळखुळ्या सापही. आरक्षण जून-जुलैचंच मिळेल. त्यानंतर बाई फेऱ्या घेत नाहीत. ऑगस्टच्या मध्यापासून मसूर काढणीला येतो, आणि पुतण्याचं कापणी यंत्र अजून त्याच चालवतात.