मोठा स्लॉट वाया घालवू नका: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४च्या नियमपुस्तकाबद्दल

पुण्यात रविवारी या फाशांच्या भूमिका-खेळाचं टेबल मांडणाऱ्यांनी हे पुस्तक घ्यावं का? मंत्र वरच्या स्लॉटमधून (स्लॉट म्हणजे मंत्र टाकायची पातळीनुसार मिळणारी मोजकी संधी) टाकायचे असतील, तर नक्की. वाढीव परिणाम त्या-त्या मंत्राच्या शेवटी वेगळ्या ओळीत दिलाय. ती ओळ नसेल तर मोठा स्लॉट वापरून नुकसान किंवा लक्ष्यं वाढत नाहीत, आणि नवखे नेमके इथेच फसतात.

सगळ्यात मोठा फरक 'क्युअर वुंड्स' या जखमा बऱ्या करणाऱ्या मंत्रामध्ये. पूर्वी पहिल्या पातळीला १ डी८ (आठ बाजूंचा फासा) मिळायचा, आता २ डी८, आणि पुढच्या प्रत्येक पातळीला आणखी २ डी८. म्हणजे दुसऱ्या स्लॉटला सरासरी १८ अधिक तुमचा मॉडिफायर, म्हणजे पात्राच्या क्षमतेनुसार मिळणारा आकडा. आगीने नुकसान करणारा 'फायरबॉल' मात्र तसाच कंजूष: तिसऱ्याला ८ डी६, चौथ्याला ९. सरासरी २८ वरून ३१.५! एवढ्यासाठी चौथा स्लॉट कशाला जाळायचा? त्यापेक्षा माणसाला जागीच खिळवणारा 'होल्ड पर्सन' तिसऱ्यातून टाका, दोन माणसं धरता येतात. दोघं वेगवेगळा सेव्ह (मंत्रातून वाचण्यासाठी फासा टाकणं) करतात, पण मंत्र टिकवणारं तुमचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की दोघंही सुटतात.

दुसऱ्याचा मंत्र रोखणाऱ्या 'काउंटरस्पेल'ला आता वरच्या स्लॉटचा उपयोग उरलेला नाही. समोरचा कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) सेव्ह करतो. जुन्या सवयीचे खेळाडू कुरकुरतील, बदल मात्र योग्य आहे.

पुस्तकासोबत फासे मिळत नाहीत. दहा डी६ हवेतच; तुळशीबागेतले सापशिडीचे चालतात. डी८ मात्र वेगळे मागवावे लागतील.