उमरावाचं कोरीव पदक: हस्तिदंत घ्यावा, जास्पर की टॅसीची काच?

अठराव्या शतकातल्या एखाद्या ब्रिटिश उमरावाचा एका बाजूचा चेहरा, केसांचा टोप, गळ्याशी रेशमी वस्त्राच्या चुण्या. अशी तळहाताएवढी उठावाची पदकं तीन प्रकारांत मिळतात: कोरलेला हस्तिदंत, ‘जास्पर’ नावाची भाजलेली माती आणि टॅसीची ओतीव काच. फोटोत तिन्ही बरीचशी सारखी दिसतात, हातात घेतल्यावर नाही.

हस्तिदंतात सर्वांत मोठं नाव डेव्हिड ल मार्शाँ (1674–1726) याचं. हा फ्रान्समधल्या दिएपचा ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट. 1696 मध्ये एडिंबरोत दुकान थाटलं, पुढे लंडनला आला. पदकावर कुठेतरी त्याची आद्याक्षरं सापडतात, पण आद्याक्षरं खोटीही कोरता येतात. त्याऐवजी टोपाचे कुरळे पाहा. दहापट भिंग आणि बाजूने धरलेला टॉर्च पुरे. बटांच्या आत, खालून पोखरलेली जागा असेल तर काम हत्याराचं आहे. कडक साच्यातून असा खोलगा निघत नाही, कारण माल साच्यातच अडकतो. काठ पातळ असेल तिथे प्रकाश आरपार झिरपतो, आणि चेहऱ्याला कातडीचा ओलसर भास येतो. तो इतर दोन्ही प्रकारांत नाही.

हस्तिदंत ओळखण्याची हमखास खूण म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी. हत्तीच्या दातात बाहेरच्या भागातला कोन 115 अंशांहून मोठा असतो, मॅमथच्या दातात 90 हून लहान. पण ही जाळी आडव्या कापातच दिसते. पदकं बहुधा दाताच्या लांबीने कापलेली असतात, त्यामुळे पुढून नुसत्या लहरी दिसतात. जाळी शोधायची ती कडेवर. बारीक काळे ठिपके दिसले तर हाड समजा, एकसारख्या समांतर रेषा दिसल्या तर सेल्युलॉइड (जुनं प्लास्टिक). तापवलेली सुई टोचून कधीही पाहू नका.

जास्पर हे जोसाया वेजवुडचं, 1770 च्या दशकातलं. रंगीत, बिनचकाकीच्या मातीवर साच्यातून काढलेला पांढरा उठाव चिकटवून भाजलेला. मागे दाबून उठवलेला ठसा असतो. ‘वेजवुड अँड बेंटली’ असेल तर माल 1780 किंवा त्याआधीचा. मात्र मोजपट्टी बरोबर ठेवा. माती भाजताना आकसते, म्हणून तयार पदकावरून साचा घेऊन केलेली नक्कल मूळापेक्षा लहान भरते आणि नाकाची धार बोथट होते.

जेम्स टॅसी (1735–1799) आधी समोर बसलेल्याचं मेणात काम करी, मग प्लास्टरचा साचा घेऊन दुधी काचेत ओती. 1787 चं ॲडम स्मिथचं पदक त्याचंच. खांद्याच्या कापावर बहुधा व्यक्तीचं नाव, साल आणि ‘टॅसी एफ’ (एफ म्हणजे लॅटिन ‘फेकिट’, ‘याने केलं’) असतं, म्हणजे ओळख पटवण्याचा अर्धा प्रश्न कारागिरानेच सोडवला आहे. प्लास्टरची नक्कल हलकी असते आणि हाताला काचेइतकी गार लागत नाही. काही पदकांत उठाव वेगळा ओतून काचेच्या पट्टीवर लावलेला असतो, तिथे तो सैल झालाय का हे पाहा.

आता निवड. भारतात राहत असाल तर हस्तिदंताचा विचारच सोडा: वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे आणि ‘जुनी वस्तू आहे’ ही सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये 2018 चा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. 1918 पूर्वीची, कलादृष्ट्या असामान्य वस्तू विकायला आधी सूट-प्रमाणपत्र लागतं. ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. 320 चौरस सेंमीपर्यंतच्या लघुचित्रांची सवलत सांगून कोरीव पदक खपवणारे भेटतील. ती सवलत दाताच्या पातळ पत्र्यावर रंगवलेल्या चित्रांना डोळ्यांसमोर ठेवून आहे, उठावकाम तिच्यात बसतं असं धरून चालू नका.

हवेचंही बघा. हस्तिदंत ओलाव्याने फुगतो, कोरड्यात आकसतो आणि चिरतो. त्याला 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता हवी. कोकणातल्या पावसाळ्यात एवढं सांभाळणं म्हणजे नोकरीच. पाण्याने धुऊ नका, रबराचे हातमोजे घालू नका (गंधकाचे डाग पडतात), रंग सोडणाऱ्या मखमलीवर ठेवू नका. अंधारात पिवळा पडतो म्हणून कडक उन्हात मांडणंही चूकच. जास्परला मुंबईच्या दमटपणाचं काही वाटत नाही, फक्त टवका उडू देऊ नका.

ठाणे-पुण्यातल्या घरात पहिलं पदक घ्यायचं असेल तर टॅसी. निळ्या भिंतीवर रंग हवा असेल तर जास्पर. हस्तिदंताची कारागिरी मात्र या दोघांत शोधू नका. ती पाहायला लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ल मार्शाँने कोरलेला वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन आहे.