आकड्याचा पिंजरा की फळीचा? घूस पकडून सोडणाऱ्यांसाठी

विष घालणं मी सोडलं त्याला सहा वर्षं झाली. भूतदयेपोटी सोडलं असं सांगायला आवडलं असतं. पण झालं असं, की ऐन गणपतीत पोटमाळ्याच्या वाशांत कुठेतरी एक उंदीर मेला आणि कापूर-उदबत्तीला न जुमानता त्याचा वास घरभर भरून राहिला. बाहेर पाऊस कोसळतोय, कौलं काढायची सोय नाही, मुंबईहून आलेली अठरा माणसं घरात. गौरी गेल्या तरी वास जाईना. आईने त्या दिवशी विषाची पुडी चुलीजवळच्या फळीवरून उचलून मला दाखवली आणि काही न बोलता पऱ्यात, म्हणजे ओढ्यात नाही, शेणखळीत नाही, तर नीट कागदात बांधून माझ्याच हातात दिली. म्हणजे आता तूच काय ते बघ.

तेव्हापासून पिंजरा. गुहागरकडे आमचं तीसेक गुंठ्यांचं आगर आहे. माड, पोफळी, थोडी केळी, गडग्याच्या कडेने सुरण आणि कणगर. ज्यांचं असं काही आहे, आणि ज्यांना घूस मारायचीही नाही आणि ठेवायचीही नाही, त्यांना पिंजरा घेताना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. घूस काय काय करते ते तुम्हाला माहीतच असेल. जोत्याखालची माती, नव्या माडाचं रोप, ठिबकची नळी, यातलं एक तरी गेल्याशिवाय कोणी पिंजऱ्याच्या दुकानात जात नाही.

दुकानात दोन्हींना पिंजराच म्हणतात, म्हणून माझ्या सोयीची नावं वापरतो. आकड्याचा पिंजरा म्हणजे आपल्या लहानपणीचा. आत वरून लोंबणारा आकडा, त्याला भजं नाहीतर खोबरं, उंदराने ओढलं की स्प्रिंगचं दार खाडकन बंद. फळीचा पिंजरा म्हणजे लांबट, दोन-अडीच फुटांचा. आत तळाला पत्र्याची एक फळी असते, तिच्यावर पाय पडला की तोंडावरची झडप वरून खाली सरकते. पहिला मला साडेतीनशेला पडला, दुसरा सोळाशेला. किमतीचा हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण पहिली तीन वर्षं मी दुसरा न घेण्याचं तेवढंच कारण होतं.

पकडण्याच्या बाबतीत दोन्ही आपापल्या जागी बरे. माळ्यावरच्या घरउंदराला आकड्याचा पिंजरा चांगला. जनावर लहान, हलकं, आकड्याशी उभं राहून कुरतडतं, दार पडतं, काम झालं. फळीला मात्र थोडं वजन लागतं. पिल्लाएवढा उंदीर तिच्यावरून सुखरूप जाऊन खोबरं खाऊन परत गेलेला मी पडवीतून बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिला आहे.

घुशीचं उलट. मोठी घूस किलोच्या आसपास भरते. तेलुगूत तिला ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात आणि इंग्रजीतला बँडिकूट त्यावरूनच आला. पिंजऱ्यात कोंडल्यावर ती जी गुरगुरते ती ऐकली की हे नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यावीशी वाटते. एवढं धूड आखूड पिंजऱ्यात आकड्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याचा मागचा भाग अजून उंबऱ्यावरच असतो. दार पडतं ते कंबरेवर. घूस मागच्या मागे सरकते आणि जाते, खोबऱ्यासकट. माझ्याकडे हे किमान पाच-सहा वेळा झालं. फळीचा पिंजरा लांब असल्यामुळे फळी दाबली जाते तोवर शेपूटही बरीचशी आत आलेली असते.

दोन्हींना लागू पडणारी एक गोष्ट आहे. नव्या वस्तूला उंदीर आणि घूस दोन्ही बिचकतात. पिंजरा आणला, लावला आणि सकाळी रिकामा दिसला म्हणून लोक दुकानदाराला शिव्या देतात. तीन-चार रात्री दार तारेने उघडं बांधून नुसतं खायला घालायचं. निखाऱ्यावर भाजलेलं खोबरं सगळ्यांत चांगलं, वास लांब जातो. सुकट घालाल तर मांजर येईल. गोड घालाल तर मुंग्या लागतात आणि पहाटेपर्यंत आकड्यावर काही उरत नाही. पाचव्या रात्री तार काढायची. आणि पिंजरा भिंतीला खेटून ठेवायचा. घूस मोकळ्या अंगणातून फिरत नाही, तिची वाट जोत्याच्या कडेने असते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, घरासाठी आकड्याचा घ्या, आगरासाठी फळीचा, संपलं. मीही असंच म्हणत होतो. माझं मत फिरलं ते पकडण्यावरून नाही, सोडण्यावरून.

आकड्याच्या पिंजऱ्याचं दार स्प्रिंगवर बंद होतं, म्हणजे ते स्प्रिंगच्या विरुद्ध उघडायचं आणि जनावर जाईपर्यंत हाताने धरून ठेवायचं. परत आकड्यात अडकवून ठेवावं म्हटलं, तर आकडा जनावराच्या बाजूला. विकत घेताना हे लक्षातच येत नाही, कारण दुकानात पिंजरा रिकामा असतो. आता पहाटे साडेपाचचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पऱ्याच्या काठी उकिडवे बसलाय, बॅटरी दातांत धरलीय, एका हाताने पिंजरा दाबून ठेवलाय, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दार. आपल्याला वाटतं दार उघडलं की घूस पळत सुटेल. ती सुटत नाही. ती मागच्या कोपऱ्यात अंग फुगवून, तोंड आपल्याकडे करून बसते आणि गुरगुरते. तिच्या दृष्टीने बाहेर जायची वाट आणि शत्रूचा हात एकाच जागी आहे. पाच मिनिटं जातात. बोटं भरून येतात. पिंजरा तिरका केला तर ती जाळीला नखं रुतवून लटकते. मागून काडीने टोचलं तर काडी चावते. आणि मग एकदम, आपलं लक्ष जरा ढळलं की सुटते, ती थेट मनगटावरून.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या मनगटावर असाच एक ओरखडा आला. दात नव्हे, नखच असावं, पण पिंजऱ्याचा तळ तिच्या मुताने ओला होता आणि हातही ओला होता. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं, नाव काढलं की माणूस गप्प होतो. उंदराच्या मुतातून तो जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात उतरतो, आणि कातडीवरची एवढीशी चीर त्याला पुरते. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती, तेव्हा मी नोकरीला तिथेच होतो, त्यामुळे भीती ऐकीव नव्हती. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आठवडाभर ताप बघायला सांगितला. ताप आला नाही. पण त्या आठवड्यात साडेतीनशे आणि सोळाशे यांतलं अंतर मला बरंच कमी वाटायला लागलं.

फळीच्या पिंजऱ्यात झडप वर ओढायची, बाजूच्या भोकात खीळ घालायची आणि निघून जायचं. एवढंच. मी झडपेच्या कडीला सुतळी बांधून ती मागच्या बाजूने आणली आहे, म्हणजे तोंडाशी जावंही लागत नाही. दहा पावलं मागे जाऊन उभं राहायचं, बॅटरी बंद. एक-दोन मिनिटांत घूस स्वतःच्या पायाने बाहेर येते, एकदा थांबून हवा हुंगते आणि झुडपात शिरते. मला वाटतं गडबड न झाल्यामुळे ती पुढचा मार्गही शहाण्यासारखा शोधते, पण हा माझा समज असू शकतो.

फळीच्या पिंजऱ्याचीही गाऱ्हाणी आहेत, ती लपवत नाही. पावसात फळीखाली चिखल आणि पोफळीची पानं अडकतात आणि ती दबतच नाही. मृगापासून पुढे रोज संध्याकाळी एकदा बोट घालून बघावं लागतं. बेडूक, खेकडा, एकदा तर शेजारच्यांची कोंबडी, जे वाटेत येईल ते फळीवर पाय देतं. त्यात कांडेचोर, म्हणजे उदमांजरही येतं, आणि हे जरा सविस्तर सांगायला हवं.

माळ्यावरून शिजणाऱ्या आंबेमोहोराचा वास आला आणि चुलीवर भात नसला, तर वर कांडेचोर आहे असं समजावं. केळी आणि पपई त्याला प्रिय, त्यामुळे केळीपाशी पिंजरा ठेवला तर घुशीआधी तोच अडकतो. आकड्याच्या लहान पिंजऱ्यात तो मावत नाही, हा त्या पिंजऱ्याचा एक खरा गुण. पहिल्यांदा तो माझ्या पिंजऱ्यात सापडला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, लांब घाटात नेऊन सोड, कटकट जाईल. नेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ हा शब्द मारण्यापुरता नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष घालणं हेही त्यातच येतं. कांडेचोर, मुंगूस, साळिंदर आपल्याला कितीही छळत असले तरी ते आपले पकडायचे नाहीत. चुकून अडकले तर झडप उचलून जागच्या जागी, लगेच सोडायचे. खरंच उपद्रव असेल तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे. माकडांचंही तेच, त्यांच्या वाटेला आपण आपल्या पिंजऱ्याने जाऊच नये. आणि चुकीचं जनावर सोडताना तर दार हातात धरून बसायला लागू नये. कांडेचोराचे दात मी जवळून पाहिले आहेत, सुतळीच्या या टोकावरून.

आता घूस सोडायची कुठे. इथे कोणताच पिंजरा मदत करत नाही. सुरुवातीला मी पऱ्यापलीकडे, घरापासून चारशे पावलांवर सोडत होतो. त्यातली एक अर्ध्या शेपटीची होती. तिसऱ्या रात्री अर्ध्या शेपटीची घूस पुन्हा पिंजऱ्यात. ती तीच होती असं शपथेवर नाही सांगणार, पण अर्ध्या शेपटीच्या दोन घुशी एकाच आगरात असाव्यात हे मला पटत नाही. आता मी दोन-अडीच किलोमीटरवर, खाजणापलीकडच्या पडीक जागेत नेतो. आजूबाजूला घर नाही, कोणाचं आगर नाही. दुसऱ्याच्या आगरात सोडणं म्हणजे आपला कचरा त्याच्या गडग्यावरून टाकणं, ते कृपया करू नका. नव्या जागी ती किती दिवस जगते कोण जाणे. तिथे घुबडं भरपूर आहेत. मी मारत नाही इतकंच, वाचवतो असा दावा नाही.

नेतानाही फळीचा पिंजरा बरा पडतो. लांब असल्यामुळे स्कूटरच्या पायाशी आडवा बसतो आणि वर गोणपाट टाकलं की घूस शांत राहते. उजेड दिसला की ती जाळीवर आपटून नाक फोडून घेते. पिंजरा परत आणल्यावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात. हातमोजे दोन्ही पिंजऱ्यांना लागतात, त्यात सूट नाही.

तिसरा प्रकार थोडक्यात. एकाच रात्री अनेक उंदीर धरणारा, आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही असा वंडर ट्रॅप. धान्याच्या कोठारात तो चालत असेल. मी भाताच्या कणगीपाशी लावला होता, संध्याकाळी आवाज पाच जणांचा आणि सकाळी धड तिघेच. उरलेल्यांचं काय झालं ते बघून आईने तो माझ्या हातून घेतला आणि भंगारवाल्याला दिला. जिवंत पकडण्याचा हेतू असेल तर तो विषयच नको. चिकट पाटीबद्दलही तेच, तिच्यावर तडफडणारी पाल सोडवायचा प्रयत्न केलेल्याला कारण विचारू नका.

तुम्ही मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवार येणारे असाल तर माझा सल्ला थोडा वेगळा आहे. दोन्हींपैकी कोणताही घ्या, पण जाताना दार तारेने बांधून जा. लावलेला पिंजरा आणि रिकामं घर हे विषापेक्षा वाईट. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली अडकलेलं जनावर दुपारही काढत नाही. त्याऐवजी ते सोळाशे रुपये माडांना पत्र्याचे पट्टे मारण्यात घाला. पुरुषभर उंचीच्या वर, गुळगुळीत पत्रा, म्हणजे उंदीर खोडावरून चढत नाही. शेजारच्या माडाची झावळी टेकत नसेल तरच, नाहीतर तो पुलावरून येतो.

फक्त घरातला उंदीर हा प्रश्न असेल, आगर नसेल, हात जरा निबर असतील, तर आकड्याचा पिंजरा वाईट नाही. लाखो घरांत तोच चाललाय. घेताना जाळी बारीक बघा. माझ्या पहिल्या पिंजऱ्यात उंदरामागोमाग जाळीतून धामण शिरली, उंदीर गिळला आणि फुगलेल्या पोटाने तिथेच अडकली. सर्पमित्राने तार कापून तिला काढली आणि पिंजरा मला परत दिला.

बाकी सगळ्यांना, विशेषतः पावसाळ्यात आगरात वावरणाऱ्यांना, मी फळीचाच सुचवेन. दुकानात गेलात तर झडप वर करून खीळ घाला आणि हात काढून घ्या. झडप वरच राहिली तर घ्या. माझे आकड्याचे दोन पिंजरे माळ्यावर पडून आहेत, त्यांतल्या एकाच्या जाळीला धामणीएवढं भोक आहे. दुसरा कोणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त स्प्रिंग जरा जपून.