वाघोलीतला नवा फ्लॅट की कोथरूडमधला रिसेल? ८० लाखांचा हिशोब

पुण्यात ८० लाखांच्या आसपास बजेट असलेलं कुटुंब घर बघायला निघालं की दोन पर्याय समोर येतात. वाघोलीसारख्या उपनगरात बांधकाम चालू असलेला नवा टू बीएचके, किंवा कोथरूड-कर्वेनगरच्या एखाद्या जुन्या सोसायटीतला आकाराने लहान, कदाचित लिफ्ट नसलेला रिसेल फ्लॅट. बहुतेक जण पहिली तुलना चौरस फुटाच्या दराने करतात आणि तिथेच नवा फ्लॅट जिंकतो. माझ्या मते ही तुलना चुकीच्या जागी सुरू होते. आधी बघायचं ते हातातून जाणारे एकूण पैसे, दरमहा पडणारा बोजा आणि पाणी.

पैशांपासून सुरुवात करू. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ८० लाखांवर ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्हीकडे सारखं. (करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा, कमी असेल तर शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवर लागतं. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, पण नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर मिळत नाही.) फरक जीएसटीचा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, म्हणजे आणखी ४ लाख. ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक कार्पेटच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का लागतो, पण आपलं बजेट त्यात बसत नाही. रिसेलवर जीएसटी नाहीच.

हे ४ लाख बऱ्याचदा खिशातूनच जातात, हे अनेकांना उशिरा कळतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क-नोंदणी धरत नाहीत. आपल्या उदाहरणात ६० लाख कर्ज धरा. मग नव्या घरासाठी स्वतःचे जवळजवळ ३० लाख हवेत, रिसेलसाठी २६. रिसेलमध्ये एक अडचण मात्र येते. बँकेच्या व्हॅल्युअरने जुन्या इमारतीची किंमत कमी लावली तर कर्ज तेवढं खाली येतं.

रिसेलचा विक्रेता काही रक्कम रोख मागतो, तेव्हा सरळ नाही म्हणावं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे. शिवाय करारात रक्कम कमी दाखवली की कर्जही कमी बसतं.

आता महिन्याचा हिशोब. ६० लाख कर्ज, २० वर्षं, ८ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ५० हजार. रिसेलमध्ये तो लगेच सुरू होतो, पण भाडं थांबतं. नव्या घरात बँक कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे सोडते. ३० लाख सुटले की फक्त व्याज २० हजार, आणि भाड्याचे २५ हजार चालूच. म्हणजे दरमहा ४५ हजार जातात, मुद्दल एक रुपयाही फिटत नाही आणि इमारतीचं काम अजून तिसऱ्या मजल्यावर असतं. ताबा वर्षभर लांबला तर नुसतं भाडंच ३ लाख. व्याजदर आज बरे आहेत, रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबरमध्ये ६.५० वरून ५.२५ वर आला. पण २०२२ च्या मेपासून वर्षभराच्या आत तो ४ वरून ६.५० वर गेला होता, हेही आठवणीत ठेवावं. कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असतं, त्यामुळे पगाराच्या शेवटच्या रुपयापर्यंत हप्ता ताणू नये.

पाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सॅम्पल फ्लॅट बघताना कुणी नळ सोडून बघत नाही. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी अशी २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द वाढली, पण पाईपलाईन त्याच वेगाने पोहोचली नाही. अनेक मोठ्या सोसायट्या आजही टँकरवर चालतात आणि उन्हाळ्यात त्या खर्चाने मेंटेनन्स फुगतो. पालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा करण्याची हमी बिल्डरने दिलेली असते, पण सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिल रहिवाशांच्या माथी येतं. २०२५ च्या जानेवारीत नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता. म्हणून नवं घर बघताना शेजारच्या, दोन-तीन वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या सोसायटीत जा आणि मे महिन्यात रोज किती टँकर येतात ते वॉचमनला विचारा. ब्रोशरपेक्षा तिथे खरं कळतं. कोथरूडलाही पाणीकपात होते, पण नळाला खडकवासल्याचं पाणी येतं.

मेट्रोचंही तसंच. कोथरूडच्या वनाजहून मेट्रो धावते आहे. रामवाडी ते वाघोली मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरीचे पैसे आजच्या दरात भरायचे का, हे वाघोलीला जाणाऱ्या नगर रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता एकदा गाडी चालवून ठरवा.

मग नव्या घराच्या बाजूने काय? बरंच काही. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणामुळे २०१७ नंतर खरेदीदाराची बाजू खरोखर मजबूत झाली. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ५ वर्षं बिल्डरवर असते. लिफ्ट, पार्किंग, मुलांना खेळायला जागा, हे जुन्या इमारतीत कुठून आणणार? घरात गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर लिफ्ट नसलेला तिसरा मजला स्वस्तातही घेऊ नये.

रिसेलमध्ये धोका कागदांत असतो. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, आधीचे सगळे करारनामे, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना हरकत दाखला हे वकील बघेलच. (सोसायटीचं हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर देणगी मागितली तर देऊ नका.) तुम्ही स्वतः विचारायचा प्रश्न एकच: कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर, झालं आहे का? जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर पुनर्विकासाच्या गप्पा तिथेच अडतात. सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घेता येतं, पण त्यासाठी कमिटीत धावपळ करणारं कुणीतरी लागतं. इमारत १५ वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आणि विक्रेता अमेरिकेत राहत असेल, जे कोथरूडात वारंवार दिसतं, तर नेहमीच्या १ टक्क्याऐवजी कितीतरी जास्त टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. तो कापला नाही तर आयकर खातं तुम्हाला धरतं, म्हणून सीए आधी गाठा.

माझा कल स्पष्ट आहे. भाड्याने राहता, मुलं शाळेत जाऊ लागली आहेत आणि बचतीत २६ लाखांच्या पुढे फारसं उरत नाही, तर कन्व्हेयन्स झालेल्या सोसायटीतला रिसेल घ्या, एक खोली लहान असली तरी. आई-वडिलांच्या घरात राहता, भाडं नाही आणि नोकरी वाघोलीजवळ खराडीला आहे, तर बांधकाम चालू असलेला फ्लॅट परवडतो. मात्र महारेराच्या संकेतस्थळावर त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प उघडून ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख यांतलं अंतर मोजा.

मधला एक मार्ग लोक विसरतात. नव्याच इमारतीत भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळाल्यानंतर बिल्डरकडे शिल्लक राहिलेले फ्लॅट. त्यांवर जीएसटी नाही, भाडं लगेच थांबतं, लिफ्ट-पार्किंग असतं आणि टाकीत पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी बघता येतं. उरलेले फ्लॅट बऱ्याचदा पहिल्या मजल्यावरचे किंवा पश्चिमेचं ऊन घेणारे असतात, दरही चढा सांगतात. पण बिल्डरला तेवढे फ्लॅट विकून मोकळं व्हायचं असतं, तेव्हा घासाघीस इथे जोरात करा. आणि टोकन देण्याआधी भोगवटा पत्र तुमच्या विंगचं आणि तुमच्या मजल्याचं आहे का ते वाचा, कारण ते अर्धवटही दिलेलं असू शकतं.