स्टिपे की एन्गानू? आखाड्यातल्या पोरांनी आधी कोणाच्या लढती पाहाव्यात

अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्या नागपुरात रविवारी सकाळी दिसतात. महालातल्या आखाड्यातून जोर-बैठका आटोपून निघालेली पोरं तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर एकाच मोबाईलभोवती गोळा होतात, ती त्याचसाठी. त्यातल्या तिघा-चौघांना आता माती सोडून एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालतं त्या मिश्र लढतींत, उतरायचं आहे. परवा एकानं विचारलं, "काका, हेवीवेटमध्ये, सगळ्यात जड गटात, पाहून शिकायचं तर एन्गानूच ना?" मी म्हटलं, "एन्गानूचं पाह्य, पण आधी स्टिपे मिओचिचचं पाह्य." त्याला काही ते पटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोघंही युएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचे माजी हेवीवेट विजेते. एकमेकांशी दोनदा लढले आणि एकेकदा जिंकले.

फ्रान्सिस एन्गानू कॅमेरूनमधल्या बाटिए गावचा. लहानपणी वाळूच्या खाणीत राबला, पुढे पॅरिसला पोहोचला तेव्हा काही काळ रस्त्यावर झोपला. त्याच्या कष्टांपुढे मी हात जोडतो. डिसेंबर २०१७ मध्ये त्यानं आलिस्टर ओव्हरीमला मारलेला अपरकट, म्हणजे खालून वर आलेला ठोसा, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. स्टिपे ओहायोचा, क्रोएशियन घरातला. अग्निशमन दलात जवान आणि पॅरामेडिक. विजेता झाल्यावरही त्यानं ती ड्युटी सोडली नाही. लढतीआधी शिवीगाळ नाही, नंतर मिरवणं नाही. असा माणूस मोबाईलवर फिरत नाही, आणि त्याला कमी लेखलं जातं त्याचं निम्मं कारण हेच आहे.

उरलेलं निम्मं कारण त्याच्या खेळात आहे. २० जानेवारी २०१८ची बॉस्टनची पहिली लढत घ्या. विजेता स्टिपे, तरी सट्टेबाजांचा कौल एन्गानूकडे, आणि वजनातही तोच सात-आठ किलोनं जड. पहिल्याच राउंडला एन्गानू सगळा जोर लावून ठोसे फेकत आला. स्टिपेनंही मार खाल्ला, पण ठोसा सुटला की तो त्याखालून वाकून पटात शिरायचा, म्हणजे पाय धरायला घुसायचा. खाली पाडायचा, वर वजन टाकून ठेवायचा. समोरचा उठला की पिंजऱ्याच्या जाळीला टेकवून पुन्हा तेच. एवढ्या मोठ्या अंगाला खालून उठताना किती दम लागतो, हे माती खाल्लेल्या पोराला मी काय सांगू? दुसऱ्या राउंडपासून एन्गानूचं तोंड उघडं पडलं. पाच राउंड झाले आणि तिन्ही पंचांनी स्टिपेच्या बाजूनं ५०-४४ गुण दिले. ज्यांना फक्त धडाधड मारामारी हवी होती त्यांना ही लढत कंटाळवाणी वाटली. माझ्या मते हेवीवेटमध्ये डोकं कसं वापरावं याचा याहून चांगला धडा नाही.

ती लढत जिंकून स्टिपेनं सलग तिसऱ्यांदा विजेतेपदाचा पट्टा राखला. तीन हा आकडा लहान वाटेल, पण युएफसीच्या हेवीवेटमध्ये त्याआधी कोणालाच सलग दोनच्या पुढे जाता आलं नव्हतं. या वजनात एक ठोसा बसला की खेळ संपतो.

डॅनियल कॉर्मिएविरुद्धची ऑगस्ट २०१९ची लढतही बघाच. कॉर्मिए म्हणजे अथेन्स ऑलिम्पिकच्या कुस्तीत चौथा आलेला मल्ल. त्यानं आदल्याच वर्षी स्टिपेला पहिल्या राउंडमध्ये झोपवून पट्टा घेतला होता, आणि या वेळीही सुरुवातीला उचलून आपटलं. तीन राउंड स्टिपे मागेच वाटत होता. चौथ्यात त्याला दिसलं की कॉर्मिएच्या बरगड्या उघड्या आहेत. डाव्या हातानं तिथेच मारत राहिला, एकदा, पुन्हा, पुन्हा. कॉर्मिएचे हात खाली आले आणि मग उजवा चेहऱ्यावर. लढत स्टिपेची. हरत असताना लढतीच्या मधोमध उत्तर शोधणं मला ठोशाच्या ताकदीपेक्षा मोठं वाटतं.

आता एन्गानूची बाजू, कारण ती भक्कम आहे. मार्च २०२१ मध्ये दोघं पुन्हा समोर आले. स्टिपे पटात शिरला, पण या वेळी एन्गानूनं पाय मागे टाकून त्याला दाबलं. घाई केली नाही. दुसऱ्या राउंडच्या ५२व्या सेकंदाला स्टिपे पडला. जानेवारी २०२२ मध्ये सिरिल गानविरुद्ध तर गुडघा दुखावलेला असताना एन्गानूनं चक्क खाली पाडून पाडून लढत काढली. बॉस्टनला जे अंगावर आलं, तेच तो नंतर शिकून आला. पोरांनो, हे नीट लक्षात घ्या.

स्टिपे नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉन जोन्सकडून हरला आणि निवृत्त झाला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. त्या एका लढतीवरून त्याला मोजू नका.

मग निवडायचं कोणाला? अंगात आधीच अफाट ताकद असेल, बॉक्सिंगचा पाया असेल आणि कुस्ती कच्ची असेल, तर एन्गानूच्या २०१८ नंतरच्या लढती क्रमानं पाहा. कमतरता कशी भरून काढायची ते तिथे दिसेल. पण तुमची जमा पट, दम आणि ताबा ही असेल, आणि आपल्या आखाड्यातल्या बहुतेकांची तीच आहे, तर स्टिपेपासूनच सुरुवात करा. एन्गानूचा ठोसा त्याच्या हाडामांसाचा आहे, तो पाहून येत नाही. स्टिपेचं पाऊल, ठोशाआड पटात शिरणं, जाळीशी वजन टाकणं हे सरावानं येतं.

पाहताना एक गोष्ट खास टिपा, पटात शिरताना त्याची मान कुठे असते. मातीत गळा आवळता येत नाही, म्हणून आपण मान मोकळी ठेवून घुसतो. इथे ते महागात पडतं. युएफसीत उतरलेला आपला महाराष्ट्राचा मल्ल भरत खंदारे २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच राउंडमध्ये मानेच्या पकडीतच हरला होता. बॉस्टनची लढत आवाज बंद करून पाहा, आणि प्रत्येक पटाला थांबवून आधी मान बघा, मग पाय.