फोटोतला पाऊस: तयार ओव्हरले की आपणच पाडलेल्या सरी?

मामेबहिणीचे प्री-वेडिंग फोटो काढायला ताम्हिणीत गेलो आणि पावसाने नेमकी दडी मारली. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. चाळीसेक फोटोंत पाऊस घरी बसून पाडावा लागला. त्यात दोन्ही रीती वापरून झाल्या.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. काळ्या पार्श्वभूमीवरचा तयार ओव्हरले, म्हणजे फोटोवर चढवायचं पावसाचं आयतं चित्र, फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये 'स्क्रीन' मोडवर टाकला की काळं जातं, सरी उरतात. मिनिटभराचं काम. शिवाय तो बहुतेक वेळा खऱ्याच पावसाचा फोटो असतो, त्यामुळे थेंबांतला वेडावाकडेपणा आयता मिळतो. हाताने तो तितका साधत नाही, हे मान्य.

माझं मन फिरलं ते अल्बम लावताना. समोरासमोरच्या दोन पानांवर बहिणीच्या खांद्यापाशी तीच जाड सर, थेंबांचा तोच पुंजका. तिनेच त्यावर बोट ठेवलं. मग प्रत्येक फोटोत मला तेवढंच दिसायला लागलं. ओव्हरले आडवा उलटवला, तर ओढणी एकीकडे उडतेय आणि सरी दुसरीकडून येताहेत. ताणला, तर सरींच्या दोऱ्या झाल्या.

दुसऱ्या रीतीत फोटोवरच्या वेगळ्या काळ्या थरावर, म्हणजे लेयरवर, एकरंगी नॉइज (विखुरलेले ठिपके), ते एका दिशेने ओढणारा मोशन ब्लर आणि उजेड-काळोख ठळक करणाऱ्या लेव्हल्स. नॉइज दरवेळी नवा, म्हणून सरही नवी. फोटोशॉपमध्ये लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे सरींचा कोन आणि लांबी मागाहून बदलता येते. २०२५ साली आलेल्या गिंप ३.० या मोफत फोटो-संपादन प्रोग्राममध्येही फिल्टर असे नंतर बदलता येतात. लांबची सर बारीक आणि दाट, जवळची ठळक आणि विरळ, असे निदान दोन लेयर हवेतच.

सरीची लांबी शटरवरून ठरवा, म्हणजे फोटो काढताना ते किती वेळ उघडं होतं त्यावरून. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो. म्हणजे १/६० सेकंदाला रेघ १५ सेंटिमीटरची, शेजारच्या चेहऱ्याहून जराशी आखूड. १/५०० ला जेमतेम २. तयार ओव्हरलेमध्ये ही लांबी दुसऱ्याच कुणाच्या तरी शटरची असते.

छत्रीखालच्या सरी दोन्हीकडे मास्कने (लेयरचा तेवढाच भाग झाकून) पुसाव्या लागतात, आणि कडक उन्हातल्या फोटोला दोन्ही रीती वाचवत नाहीत.

एखादाच फोटो असेल तर ओव्हरले घ्या, माझी हरकत नाही. पण एकाच दिवसाचे दहा-वीस फोटो शेजारी लागणार असतील, तर दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. आधी मागचे डोंगर फिके करा, कारण लांबचा पाऊस रेघांनी नाही, धुरकटपणानेच दिसतो. सरी त्यानंतर.